वाचनाचं वर्ष एक एप्रिलपासून

सांगलीत एका सीएच्या ऑफिसात मी अठरा वर्षं हिशेब लिहिते. त्यामुळे असेल, पण 'यंदा चोवीस अभिजात कादंबऱ्या वाचणार' हा एक जानेवारीचा संकल्प मला कधी लाभला नाही. जानेवारी उत्साहात जायचा, फेब्रुवारीत फायली चढायच्या आणि मार्च एंडला पुस्तकावर व्हाउचरांचा गठ्ठा. तीन वर्षं असं झाल्यावर मी वाचनाचं वर्षच एक एप्रिलला सुरू केलं. तुमचं जूनमध्ये शाळेबरोबर किंवा दिवाळी पाडव्याला वहीपूजनाबरोबर सुरू होत असेल, तर ते धरा. ज्या महिन्यात तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, तो पहिला महिना.

दुसरी सुधारणा म्हणजे पुस्तकं मोजायची सोडली आणि पानं मोजायला लागले. 'रणांगण' एका रविवारात संपते, 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड कपाटातून काढताना मनगट दुखतं. दोन्हींना 'एक कादंबरी' कसं म्हणायचं? कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहून मी वेग मोजला: दहा पानांना बावीस मिनिटं. रोज दहा पानं, वर्षातले तीनशे दिवस, म्हणजे तीन हजार पानं. उरलेले पासष्ट दिवस लग्नं, पाहुणे, ताप यांचे, त्यांच्याकडून आशा ठेवायची नाही. तीन हजारांतली अडीच हजारच पुस्तकांना वाटून टाकते. पाचशे शिल्लक, कारण मध्येच कुणीतरी हातात काहीतरी कोंबतंच.

आता यादी. माझी पहिली यादी कालानुक्रमे होती आणि तीच घोडचूक. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून (1857) सुरुवात केली आणि तिथेच रुतले. महत्त्वाचं पुस्तक आहे, पण ते पाचव्या-सहाव्या महिन्यात, पाय रोवल्यावर. सुरुवात 'बनगरवाडी'सारख्या बारीक आणि पक्क्या पुस्तकाने करावी. औंध संस्थानातला कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, आणि तुम्ही आठवड्यात वाडीतलेच होता.

आपल्या भागातली एक-दोन पुस्तकं ठेवाच. मला हे उशिरा कळलं की 'ययाति' आणि 'फकिरा' दोन्ही 1959 सालच्या. खांडेकर जन्माने सांगलीचे, अण्णा भाऊ साठे आमच्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे. मी दोन्ही पाठोपाठ लावल्या, ऑगस्टात, रिटर्न भरून झाल्यावर. एकीकडे भोगाचा अंतच न सापडणारा राजा, दुसरीकडे भुकेल्या मांगवाड्यासाठी धान्य लुटणारा फकिरा. ज्ञानपीठवाल्या 'ययाति'पेक्षा 'फकिरा' हे दुसरं पुस्तक मला जास्त दिवस पुरलं. ते आंबेडकरांच्या 'झुंजार लेखणीस' अर्पण केलंय, ते अर्पणपत्रिकेचं पान ओलांडून पुढे जाऊ नका.

एक पुस्तक परक्या बोलीतलं हवं. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली वऱ्हाडी मला सुरुवातीला अडली. ऑफिसातले अमरावतीचे काका डबा खाताना नायिकेचे, कौतिकचे संवाद मोठ्याने वाचून दाखवायचे. चार दिवसांत माझा कान तयार झाला, आणि नंतर मनातल्या मनात वाचतानाही आवाज काकांचाच यायचा. असं कुणी नसेल तर स्वतः मोठ्याने वाचा. मराठी बोली डोळ्याला जड वाटते, जिभेला नाही.

जाड पुस्तकाची भीती घालवायला ते मुळात कसं छापून आलं ते पाहावं. 'पण लक्षात कोण घेतो' ह. ना. आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात 1890पासून क्रमशः आली. वाचकांनी ती हप्त्याहप्त्याने वाचली, मग आपण एका दमात का? मी शनिवारचा हप्ता लावला आणि कादंबरीची नायिका यमू आठवडाभर माझ्याबरोबर भाजी निवडत राहिली. मात्र प्रत आधी तपासा. वाचनालयातून आणलेल्या माझ्या प्रतीत ऐन मध्यावर एक फर्माच नव्हता, सोळा पानं गुल! तेव्हापासून काउंटरवरच पानांचे आकडे चाळते, आणि मुखपृष्ठावर कुठे बारीक अक्षरांत 'संक्षिप्त' लिहिलंय का तेही बघते. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे आपटे, साने गुरुजी यांच्या आवृत्त्या ढिगाने मिळतात. त्यात स्वस्त प्रत आणि चांगली प्रत एकच असेल असं नाही.

सप्टेंबर आमच्याकडे ऑडिटचा. त्या महिन्यात कादंबरी जमतच नाही, म्हणून 'श्यामची आई'. कादंबरी म्हणावी का, यावर वाद घाला, पण तिच्या बेचाळीस रात्री आहेत आणि रोज एक रात्र थकलेल्या माणसालाही झेपते. सहावीतल्या मुलाला वाचून दाखवायला घेतली होती. तो चौथ्या रात्रीपर्यंत जागा राहिला, पुढच्या अडतीस मी एकटीनेच वाचल्या. दिवाळीच्या महिन्याचं कादंबरीचं बजेट शून्य. दिवाळी अंक समोर असताना कोण ऐकणार?

सोडण्याचाही नियम हवा. माझा साठ पानांचा आहे. साठाव्या पानापर्यंत ओढ लागली नाही तर पुस्तक बंद करायचं, वहीत तारीख आणि 'स्थगित' लिहायचं, अपराधी वाटून घ्यायचं नाही. 'कोसला' माझ्याकडे दोनदा स्थगित झाली. नायक पांडुरंग सांगवीकरचं ते तिरकं बोलणं मला उगाच वाटायचं. तिसऱ्यांदा घेतली ती धाकटी चुलतबहीण गेली त्या वर्षी. पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते तो भाग आला. ऑफिसच्या जिन्यावर बसून वाचत होते, जेवणाची सुट्टी संपून वीस मिनिटं झाली तरी उठले नाही. साहेबांनी वर बोलावलं, मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

नोंदीसाठी शंभर पानी वही पुरे. चार रकाने: नाव, सुरू, संपली, आणि शेवटचा 'कुणाला देणार'. अभिप्राय लिहायच्या फंदात मी पडत नाही. शेवटचा रकाना मात्र भरतेच, त्यावरून पुस्तक किती आवडलं ते कळतं. 'धग'पुढे तिघांची नावं आहेत, 'ययाति'पुढे अजून कुणाचं नाही.

गेल्या 31 मार्चला वही मिटवली तेव्हा नऊ पुस्तकं संपली होती, दोन स्थगित, आणि 'तुंबाडचे खोत'च्या दुसऱ्या खंडाची 212 पानं पुढे ओढली. यंदाच्या पहिल्या ओळीत तीच लिहिलीत, ओपनिंग बॅलन्स म्हणून.