विमानांचं जाळं मोजायचं तर आधी कागद घ्या

माझे आजोबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, टपाल वेगळं करायचे. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची अन् उजाडेपर्यंत ती आपापल्या गावी परत. हवाई मार्गांचा अभ्यास कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की मी हेच काढायला लावते.

चार कोपऱ्यांत चार शहरं, मधे नागपूर, चार रेघा. चार शहरांच्या जोड्या होतात सहा, अन् सहाही जोड्यांची वाट नागपुरातून. आता ती चार शहरं एकमेकांना थेट जोडा. नागपूरच्या रेघा अजूनही चारच, पण वाटेत नागपूर लागतं अशा जोड्या शून्य! एका विमानतळाच्या रेघांची मोजणी म्हणजे डिग्री, इतरांच्या सगळ्यात जवळच्या वाटेत तो किती वेळा येतो ते बिटवीननेस. झिरो माइलचा दगड गावात आहे म्हणून आपण मध्यभागी, हा आम्हा नागपूरकरांचा समज इथेच गळून पडतो.

मग ओपनफ्लाइट्स या विमानमार्गांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाच्या दोन मोफत फाइली उतरवा, विमानतळांची आणि मार्गांची. मार्गांची फाइल जून 2014 ला थांबलेली आहे, सुमारे 67 हजार ओळी. शिकायला भरपूर, आजच्या नागपूरबद्दल मात्र तिच्यावरून बोलू नका. तिसऱ्या रकान्यात निघण्याचा विमानतळ, पाचव्यात पोचण्याचा. शीर्षकाची ओळ नाही हे पांडाजला (पायथनमधलं तक्ते वाचायचं साधन) सांगा, नाहीतर पहिला मार्गच शीर्षक होऊन बसतो. विमानतळांच्या फाइलीतला देश बघून दोन्ही टोकं भारतात असलेल्या ओळी तेवढ्या ठेवा.

नेटवर्कएक्समध्ये (पायथनमधलंच जाळी मोजायचं साधन) साधा, बिनदिशेचा ग्राफ, म्हणजे ठिपक्यांचं आणि रेघांचं जाळं, करा. दिशा ठेवली तर डिग्रीत येणं-जाणं दोन्ही धरलं जातं, आकडा जवळपास दुप्पट दिसतो.

माझी फजिती वजनावरून, म्हणजे रेघेला दिलेल्या आकड्यावरून, झाली. एका मार्गावर जितक्या कंपन्या तितक्या ओळी, म्हणून मी ओळींची संख्याच वजन म्हणून दिली. बिटवीननेस काढताना वजन म्हणजे अंतर धरतात हे ध्यानातच नाही! गजबजलेला मुंबई-दिल्ली मार्ग लांबलचक ठरला अन् वाटा भलत्याच गावांवरून वळल्या. अख्खा रविवार गेला, दुपारचं सावजीसुद्धा गार झालं. किती ठिकाणी विमान बदलावं लागतं एवढंच बघायचं असेल तर वजन देऊच नका; द्यायचंच तर एक भागिले संख्या.

आता डिग्री आडवी, बिटवीननेस उभं असा आलेख काढा. डिग्री कमी पण बिटवीननेस भरपूर, अशा ठिपक्यांवर बोट ठेवा. जगाच्या जाळ्यात अलास्कातलं अँकरेज असं ठरलं, कारण तिथल्या लहान लहान वस्त्यांची बाहेरची वाट त्याच्यावरून जाते.

शेवटी एकेक विमानतळ खोडून जाळ्याचे किती तुकडे होतात ते मोजा. आजोबांच्या वेळच्या त्या पहिल्या, चार रेघांच्या चित्रातलं नागपूर खोडलं तर चार होतात.