कंबरदुखीत या चुका टाळा: भीती योग्य जागी असावी

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पावसाळा सुरू झाला की कंबर धरलेल्यांची रीघ लागते. कोणी घोडबंदर रस्त्याने रोज दुचाकी चालवून आलेला असतो, कोणी ऐरोलीच्या कार्यालयात दहा तास खुर्चीत बसलेला असतो, तर कोणाला गणपतीचे मखर माळ्यावरून उतरवताना उसण भरलेली असते. कारणे निरनिराळी असली, तरी दुखणे सुरू झाल्यानंतर हातून होणाऱ्या चुका मात्र आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या असतात. अठरा वर्षांच्या अनुभवानंतर माझे असे मत झाले आहे की पुष्कळांचे दुखणे मूळच्या लचकेमुळे लांबत नाही, तर त्यानंतरच्या चुकांमुळे लांबते. या चुकांच्या मुळाशी बहुधा भीती असते, आणि ती नको त्या गोष्टीची असते.

ती का अनाठायी आहे हे कळण्यासाठी कण्याची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांच्या खाली त्रिकास्थी व माकडहाड ही एकत्र जुळलेली हाडे असतात. मानेचे अगदी वरचे दोन मणके सोडले, तर लगतच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते, जिच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंची कडी असतात. प्रौढ वयात या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला पोषण मिळते ते शेजारच्या हाडांतून झिरपून, आणि गादीवर दाब पडणे व तो सुटणे या क्रियेने ते झिरपणे चालू राहते. थोडक्यात, कण्याचे अन्न हालचालीतून येते, आणि आपण दुखू लागताच पहिली बंद करतो ती हालचालच.

अंथरुणाला खिळून राहण्याची चूक

कंबर धरली की घरातील वडीलधारी मंडळी मायेने सांगतात, ‘आठ दिवस अजिबात उठू नकोस.’ पूर्वी डॉक्टरही हेच सांगत असत, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. परंतु १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात असे दिसले की दोन दिवस पूर्ण झोपून राहिलेल्या रुग्णांपेक्षा, सोसेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण लवकर बरे झाले. झोपून राहिल्याने पाठीचे आणि पोटाचे स्नायू शिथिल होतात, सांधे आखडतात, आणि उठताना अधिक दुखते. अधिक दुखले म्हणून माणूस पुन्हा झोपतो, आणि हे चक्र सुरू राहते.

पहिल्या एक-दोन दिवसांत कळा असह्य असतील तर गुडघ्यांखाली उशी घेऊन पाठीवर, किंवा दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवून कुशीवर पडावे, शेक घ्यावा. मात्र दर तासा-दीड तासाने उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात. उठताना सरळ कंबरेतून उचकून न उठता आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हातांचा रेटा देऊन बसावे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून इमारतीच्या आवारात आणि जमेल तसे मासुंदा तलावाकाठी किंवा उपवनला चालायला जावे. चालताना थोडे दुखले तरी त्यामुळे काही मोडत नाही. दुखणे कंबरेतच राहत असेल आणि चालून झाल्यावर तासाभरात पूर्ववत होत असेल, तर चालणे पचले असे समजावे. ते पायात खाली खाली उतरू लागले, तर अंतर कमी करावे आणि सल्ला घ्यावा.

‘मणक्यात गॅप आहे’

हे वाक्य मी आठवड्यातून अनेकदा ऐकते. काही महिन्यांपूर्वी ऐरोलीत नोकरी करणारे, पस्तिशीचे एक गृहस्थ एमआरआयची फाइल छातीशी धरून आले. दुखणे तीन आठवड्यांचे होते आणि ते बरेचसे ओसरलेही होते. पण अहवालातील शब्द वाचल्यापासून त्यांनी खाली वाकणे, मुलीला उचलणे आणि जिना चढणे सोडले होते. मणक्यांमध्ये फट पडली असून वाकलो तर कणा निखळेल, अशी त्यांची समजूत झाली होती. वास्तविक अहवालात नेमके उलटे लिहिले होते: दोन मणक्यांमधील अंतर किंचित कमी झाले आहे, म्हणजे गादी थोडी झिजून बसली आहे.

अशी झीज केसांच्या पांढरेपणासारखी वयाबरोबर येते. कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के, पन्नाशीतील ८० टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज आढळली. पन्नाशीतील ६० टक्के लोकांची गादी फुगून थोडी बाहेरही आलेली होती, आणि त्यांना कसलाही त्रास नव्हता. त्यामुळे साध्या कंबरदुखीत पहिल्याच आठवड्यात स्वतःहून एमआरआय करवून घेणे ही चूक आहे, असे मी स्पष्टपणे म्हणते. चित्रात काहीतरी दिसणारच, आणि ते दिसले की माणूस त्यालाच दुखण्याचे कारण मानून बसतो.

गादी सरकून नस दबली आणि पायात सायटिकाच्या कळा येऊ लागल्या, तरीही बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. हे ऐकल्यावर रुग्णाच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला डोळ्यांनी दिसतो, आणि तो ताण उतरणे हाही उपचाराचाच भाग आहे.

पट्टा, ताण आणि मालिश

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम आणि आजाराविषयी योग्य माहिती देणे यांचा पुरस्कार आहे, तर कमरेचा पट्टा आणि वजन लावून दिला जाणारा ताण, म्हणजे ट्रॅक्शन, यांची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस नाही. पट्टा बांधल्यावर आधार वाटतो हे खरे आहे, आणि तीव्र दुखण्यात दोन-चार दिवस प्रवासापुरता बांधल्यास माझीही हरकत नसते. पण औषधांच्या दुकानातून आणलेला पट्टा वर्षभर बांधणाऱ्या माणसाला पुढे त्याच्यावाचून घराबाहेर पडण्याची भीती वाटू लागते. अस्थिभंगानंतर डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्याला मात्र हे लागू नाही.

निर्गुडीच्या पाल्याने शेकणे आणि हलकी मालिश यांनी स्नायू सैल होऊन बरे वाटते, ते जरूर करावे. ‘हाड बसवून देतो’ म्हणून पाठीवर झटके देणाऱ्या अप्रशिक्षित माणसाकडे जाऊ नये, विशेषतः वय झाले असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तर मुळीच नाही. दुकानातून मागून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे खाणेही असेच घातक आहे, कारण त्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी याबाबत अधिकच सावध राहावे.

बसण्याच्या चुका

अमुक एका पद्धतीने ताठ बसले की कंबर दुखणार नाही, असा समज आहे. मी त्याच्याशी सहमत नाही. उत्तमातली उत्तम बैठकही दोन तास तशीच धरून ठेवली तर त्रासच देते. त्यामुळे महागड्या खुर्चीपेक्षा दर अर्ध्या तासाने उठण्याची सवय अधिक मोलाची आहे. फोन आला की उभे राहून बोलावे, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवावी म्हणजे ती भरायला उठावे लागते. खुर्चीत बसताना पाय जमिनीला पूर्ण टेकावेत, पडदा डोळ्यांच्या पातळीला यावा, आणि कमरेच्या खोलगट भागात घडी केलेला टॉवेल ठेवावा. पलंगावर लोडाला टेकून मांडीवर लॅपटॉप घेणे घरून काम करणाऱ्यांनी सोडावे.

लोकलमधील चौथ्या सीटचा, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला कसेबसे टेकून बसण्याच्या जागेचा, येथे वेगळा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. ठाण्याहून मुंबईपर्यंतचा तासाभराचा धिमा प्रवास अर्ध्या मांडीवर, एक पाय मार्गिकेत रोवून आणि धड एका बाजूला पिळून करणे हे रोजचे झाले, की कमरेची एकच बाजू दुखू लागते. कंबर दुखत असताना चौथी सीट मिळण्यापेक्षा दाराच्या आतल्या बाजूला दोन्ही पायांवर उभे राहणे बरे. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी किंवा रॅकवर ठेवावी. दुचाकीस्वारांनी पावसाळ्यातल्या खड्ड्यांत वेग कमी करावा, आणि खड्डा टाळता येणारच नसेल तर पायांवर थोडा भार घेऊन बूड सीटवरून किंचित उचलावे, म्हणजे धक्का गुडघ्यांत जिरतो आणि थेट कण्यात जात नाही.

वाकणे आणि उचलणे

रात्रभर आडवे पडल्यामुळे गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक ते दोन सेंटीमीटरने जास्त भरते. अशा फुगलेल्या गादीवर खाली वाकताना अधिक ताण येतो. आपल्याकडे मात्र पाणी येण्याची वेळ, केर काढणे, अंथरुणाच्या वळकट्या उचलणे, रांगोळी, अशी सगळी वाकायची कामे उठल्या उठल्याच होतात. ज्यांना वारंवार उसण भरते, त्यांनी उठल्यापासून पहिला तासभर खोल वाकणे टाळावे. बादल्या भरायच्याच असतील तर अर्ध्या भराव्यात, आणि एकेका हातात एकेक धरून न्याव्यात.

वजन शरीरापासून जितके लांब, तितका कमरेवर तरफेमुळे पडणारा भार जास्त. भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे ३० किलोंचा असतो, आणि तो हात लांब करून उचलणे कोणाच्याही कमरेला जड जाईल. तो तिरका करून त्याच्या बुडाच्या कडेवर गोल फिरवत न्यावा. गणपतीची मूर्ती पाटावरून उचलताना दोघांनी मिळून ती छातीशी घ्यावी, आणि वळायचे असेल तेव्हा कंबर न पिळता पावले टाकून वळावे. वाकणे, पिळणे आणि झटका या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हाच बहुधा घात होतो. वाकण्यात स्वतःहून काही वाईट नाही, आणि बरे झाल्यानंतर वाकण्याचा सराव सोडणे हीदेखील चूकच आहे.

झोपण्याच्या गादीबद्दल थोडक्यात सांगते. जमिनीवर किंवा लाकडी फळीवर झोपले की कंबर सुधारते, हा सल्ला सर्वांना लागू नाही. २००३ साली स्पेनमधील ३१३ रुग्णांच्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली.

खरे घाबरायचे कधी

बहुतेक कंबरदुखी निरुपद्रवी असते. परंतु संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारे पाठदुखणे एकत्र आले, तर मणक्याचा क्षयरोग आहे का हे तपासलेच पाहिजे. त्याचे निदान झाल्यास सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. पाळी गेलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या एखाद्या आजीला रिक्षा खड्ड्यात आदळल्यानंतर पाठीत कळ बसली, तर ती केवळ लचक समजू नये, कारण मणका दबून मोडलेला असू शकतो. चाळिशीच्या आतील तरुणाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवावे. चालताना एका पायातील चप्पल नकळत निसटू लागली, तर घोट्याचा स्नायू नसेमुळे दुबळा होत असण्याची शक्यता असते, आणि त्या दिवशी मलमे चोळत बसू नये.

सर्वांत तातडीची लक्षणे म्हणजे लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, बसताना जो भाग टेकतो तेथे आणि जननेंद्रियाभोवती बधिरपणा येणे, दोन्ही पायांतील शक्ती कमी होणे. कमरेच्या खालच्या भागातील नसांचा जुडगा दबल्याची ही खूण असते, आणि शस्त्रक्रियेस उशीर झाल्यास हे नुकसान कायमचे राहू शकते. लाजेपोटी घरच्यांना न सांगता दोन दिवस काढलेले रुग्ण मी पाहिले आहेत. अशा वेळी ओपीडीची वेळ पाहू नये आणि फिजिओथेरपिस्टकडेही येऊ नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि आत शिरताच लघवीची तक्रार सर्वांत आधी सांगावी.