पोरांना पेरणी दाखवताय? आधी बियाणं बघा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आम्ही पहिली ते चौथीच्या पोरांना शाळेमागच्या तुकड्यात पेरणी करायला लावतो, यंदा कुणी करणार असेल तर हे वाचून घ्या. सगळ्यात आधी बियाणं. घरचं घ्या, बिनऔषधाचं. मागच्या वर्षी मी घाईत दुकानातून मक्याचं पाकीट उचललं, दाणे गुलाबी, पोरांना ते गोळ्यांसारखे दिसले आणि मी खुरपी वाटतोय तोवर दुसरीतल्या एका मुलीनं दोन तोंडात टाकलेसुद्धा. थुंकायला लावलं, चुळा भरायला लावल्या, दवाखान्यात नेलं, पोरगी ठणठणीत होती पण मला रात्रभर झोप नाही. तो रंग औषध लावल्याची खूण असते, खायला वापरू नका असं पाकिटावर छापलेलं असतं, मी वाचलंच नव्हतं. आणि शेतकऱ्याकडून आणलं तरी विचारा, कारण पेरणीच्या तोंडावर घरच्या बियाण्यालाही बुरशीनाशक चोळून ठेवतात. चोळायच्या आधीचं मागा.

खुरपी, बादली, सुतळी, ते तुम्हाला कळतं.

उगवणीची चाचणी मात्र कराच, पोरांना सगळ्यात जास्त तीच आवडते. सोयाबीनचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, पाच-सहा दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला चांगलं. चौथीची पोरं टक्केवारी इथंच शिकतात. एक गुंडाळी आठवडाभर आधी तुम्ही स्वतः करून ठेवा, नाहीतर त्या दिवशी दाखवायला नुसतं ओलं गोणपाट. न उगवलेले का, हे पोरं विचारणारच, तर सांगा की सोयाबीनची साल पातळ असते, पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. हे दाणेपण बिनऔषधाचेच, परत सांगतोय.

पेरताना खोली तीन-चार सेंटीमीटर, पोरं मनगटापर्यंत हात खुपसतात म्हणून काडीवर खूण करून द्या. चांगला पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मग पाटी लावणं, फोटो वगैरे. साबणानं हात धुतल्याशिवाय खिचडी नाही. आणि उरलेलं बियाणं परत घ्या, खिसे तपासा, घरी लहान भावंडं असतात.