कुटुमसरच्या गुहेत जाताना नागपूरकरांनी या चुका टाळाव्यात

नागपूरहून रायपूरमार्गे छत्तीसगडमधील जगदलपूर जवळपास 600 किलोमीटर पडते. एवढ्या लांब जाऊन तेथून जवळच्या कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानातील कुटुमसर गुहा बंद असल्याचे फाटकावर कळणे, ही सर्वांत आधी टाळण्याजोगी चूक आहे. पावसाळ्यात गुहेत पाणी शिरते, म्हणून ती त्या काळात बंद ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीचा बेत आखत असाल, तर निघण्यापूर्वी गुहा उघडली आहे का, याची वनविभागाकडे खात्री करून घ्यावी.

सर्वांत मोठी चूक मात्र आपल्या हातून, अगदी शब्दशः हातानेच, होते. अजिंठा-वेरूळ पाहत वाढलेल्या आपल्या मनात लेणे म्हणजे माणसाने कोरलेला बेसाल्ट असतो, आणि त्यावर हात फिरवायची सवय लागलेली असते. कुटुमसरची गुहा चुनखडीची आहे आणि ती पाण्याने घडवलेली आहे. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडी विरघळवत खाली झिरपते, आणि गुहेच्या हवेत तो वायू सोडताना कॅल्शियम कार्बोनेटचा अतिशय पातळ थर मागे ठेवते. छतापासून लोंबणारे अधोमुखी आणि जमिनीतून वर येणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ असेच थेंबाथेंबाने वाढतात. ही वाढ अनेकदा वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढीही नसते. हाताचे तेल दगडावर लागले की तेथे पाण्याचा थर नीट बसत नाही, पृष्ठभाग काळवंडतो आणि वाढ खुंटू शकते. म्हणून तोल सावरायचा असेल, तर स्तंभाचा नव्हे, सोबतच्या माणसाचा आधार घ्यावा, आणि लहान मुलांना हे आत शिरण्यापूर्वीच समजावून सांगावे.

आत गारवा असेल असे समजून जाड कपडे घालणेही चुकीचे आहे. खोलवर तापमान वर्षभर साधारण 28 अंशांच्या आसपास असते आणि हवा अतिशय दमट असते, त्यामुळे सुती कपडे आणि पकड असलेले बूट योग्य ठरतात. चपलांनी ओल्या दगडावर पाय घसरतो.

उजेडासाठी केवळ मोबाइलवर विसंबू नये. वाटाड्या सोबत असला, तरी प्रत्येकाजवळ स्वतंत्र विजेरी असावी. ती विझल्यास चालत न राहता जागीच थांबावे आणि आवाज द्यावा. प्रवेशाची वाट अरुंद आहे. तेथे छाती दडपल्यासारखी वाटू लागली, तर लाजेखातर पुढे न जाता वाटाड्याला सांगून परत फिरावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गुहेतील पाण्यात राहणाऱ्या लहान माशांचे डोळे आणि रंग पिढ्यान्पिढ्यांच्या अंधारात क्षीण झाले आहेत. त्यांच्यावर प्रखर झोत टाकणे, पाण्यात हात घालणे किंवा खाऊचे तुकडे टाकणे कटाक्षाने टाळावे, कारण अन्नाचा कण बाहेरची बुरशी आत आणतो.

ताडोबा-पेंचला आपण जिप्सीत बसून जंगल पाहतो. येथे काही अंतर पायी चालावे लागते, आणि आखलेली पायवाट सोडून सालवनात शिरण्याचा मोह होतो. तो आवरावा. याच उद्यानातील तीरथगड धबधब्याजवळचे ओले खडक विशेष निसरडे असतात, त्यामुळे छायाचित्रासाठी पायऱ्या सोडून त्यांच्यावर उतरू नये.