इमर्जन्सीतून आईवडिलांना घरी आणताना

इमर्जन्सीतून ‘आता घरी न्या’ म्हणतात, तेव्हा तातडीचा धोका टळला एवढाच त्याचा अर्थ. मधुमेह, हृदय, किडनी यांची दुखणी होती तिथेच असतात, आणि वर दमलेलं, भेदरलेलं म्हातारं माणूस. निघताना फाईल, चष्मा, कवळी, कानाचं मशीन घेतलंत ना? हातातली सुई काढली ना? बस. हे कोणी विसरत नाही. विसरतात त्या गोळ्या.

मागच्या वेळी माझ्याकडून तेच राहिलं. बाबांना रक्तदाबाची गोळी नव्याने लिहून दिली, जुनी डब्यात तशीच राहिली. स्ट्रिपवरची नावं वेगळी, आतलं औषध एकच. दोन्ही चालू राहिल्या आणि रात्री लघवीला उठताना ते चक्कर येऊन पडले. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना थांबवून विचारा: नवीन काय, बंद काय, डोस कशाचा बदलला? ‘बाकीचं चालू ठेवा’ एवढ्यावर उठू नका. बाकीचं म्हणजे नेमकं काय, हे घरच्या स्ट्रिपा पाहिल्याशिवाय त्यांना तरी कसं कळणार? सगळ्या स्ट्रिपांचे फोटो फोनमध्ये ठेवा आणि समोर धरा. ब्रँडच्या नावाजवळ बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, जुळवायचं ते.

घरी पोचल्यावर आधी डबा. पूर्ण रिकामा करा, नव्या कागदाप्रमाणे पुन्हा भरा. बंद झालेली स्ट्रिप ‘असू दे, लागेल’ म्हणून कपाटात ठेवू नका, ती परत डब्यात येते. उशाशी, पर्समध्ये, जुन्या कोटाच्या खिशात सुट्या गोळ्या असतात, त्याही काढा. वर्षानुवर्षं सकाळी तीच गुलाबी गोळी घेणारा माणूस ती शोधणारच, त्यामुळे ती का बंद केली ते त्यांना समजावून सांगा आणि त्यांच्या तोंडून परत ऐका. नुसती मान हलवली म्हणजे समजलं असं धरू नका.

दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने देऊ नका. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर अंगात पाणी साठतं, किडनी आणखी बिघडते. वॉरफरीन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असताना अँटिबायोटिक दिलं असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) कधी तपासायचा ते विचाराच, रक्तस्राव होऊ शकतो.

फॉलोअपची वेळ त्याच दिवशी घ्या. लघवीच्या कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला, दोन-तीन दिवस लागतात, तो रिपोर्ट आपोआप तुमच्यापर्यंत येईल या भरवशावर राहू नका. कोणत्या नंबरवर विचारायचं ते लिहून घ्या. फॉलोअपला जाताना गोळ्यांचा डबाच उचलून न्या. हो, पुन्हा डबा. नेहमीच्या डॉक्टरांना इमर्जन्सीत काय बदललं हे माहीत नसतं.

हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेली, असेल तर रोज सकाळी लघवी करून आल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर फोन करा, पायाला सूज दिसायची वाट पाहू नका. मधुमेहात साखर ७० च्या खाली गेली तर शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखरेचं पाणी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. जेवण कमी झालं असेल तर मधुमेहाच्या गोळ्या तशाच चालू ठेवू नका, डॉक्टरांना विचारा.

रात्री दिवा. उठताना आधी काठावर बसवा, मग उभं करा. दिवसभर झोपवून ठेवू नका, पायातली ताकद फार लवकर जाते.

आडवं झाल्यावर धाप, छातीत दुखणं, लघवी बंद, काळी शौच, किंवा कालपर्यंत नीट बोलणारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. मध्यरात्र असली तरी लगेच न्या.