सोमवार, ७ ऑक्टोबर १९४६ : युद्धोत्तर ब्रिटिश रेडिओच्या अभ्यासाची सुरुवात

युद्धोत्तर ब्रिटनच्या रेडिओवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना बहुधा सगळे दशक एकदम कवेत घ्यायचे असते. मी त्यांना एकच दिवस निवडायला सांगते, कारण माझ्या स्वतःच्या अभ्यासाला खरी दिशा मिळाली ती सोमवार, ७ ऑक्टोबर १९४६ या एका दिवसाचे प्रसारण तासातासाने वाचल्यावर.

त्या दिवशी देशांतर्गत प्रसारणाची मक्तेदारी असलेल्या बीबीसीच्या तीन सेवा चालू होत्या : युद्धकाळापासूनची होम सर्व्हिस, जुलै १९४५ मध्ये सुरू झालेला, हलक्याफुलक्या करमणुकीचा लाइट प्रोग्रॅम आणि जेमतेम आठवड्यापूर्वी, २९ सप्टेंबरला, सुरू झालेला, अभिजात संगीत आणि गंभीर कार्यक्रमांचा थर्ड प्रोग्रॅम. आकाशवाणीच्या भाषेत सांगायचे तर थर्डला फक्त संध्याकाळची सभा, म्हणजे प्रसारणाचे एकच सत्र, होती. त्यामुळे तिन्ही सेवांचे तक्ते शेजारीशेजारी मांडले, की दिवसा श्रोत्यासमोर किती पर्याय होते आणि रात्री किती, हे पहिल्याच नजरेत कळते.

या सोमवारी दुपारी दोन वाजता लाइट प्रोग्रॅमवर ‘वुमन्स अवर’चा पहिला भाग प्रसारित झाला. वेळेचा विचार येथे बारकाईने करावा. दुपारची जेवणे आटोपली आहेत, भांडी घासून झाली आहेत, मुले अजून शाळेत आहेत. गृहिणीला थोडी उसंत मिळण्याची हीच घटका. त्या वर्षीच्या जुलैपासून पावावरही रेशनिंग आले होते, जे प्रत्यक्ष युद्धातही नव्हते, आणि घर चालवणे हा रोजचा हिशेब झाला होता. तरीही बायकांच्या या कार्यक्रमाचा पहिला निवेदक अॅलन आयव्हीमी हा पुरुष होता, ही गोष्ट मला त्या काळाबद्दल पुष्कळ काही सांगणारी वाटते. त्याच संध्याकाळी पावणेसातला, त्याच सेवेवर, ‘डिक बार्टन’ ही साहसी मालिका सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार रोज पंधरा मिनिटांची ही श्रुतिका ऐन उत्कंठेच्या क्षणी थांबे. तिचा नायक सैन्यातून परतलेला कमांडो होता, आणि लाखो सैनिक नुकतेच घरी परतत असलेल्या देशात ही निवड सहज झाली असेल, असे मला वाटत नाही.

साधनांबाबत एक भेद आरंभीच पक्का करावा. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातील कार्यक्रमपत्रिका बीबीसीच्या जीनोम संकेतस्थळावर १९२३पासून पाहता येतात, त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसूनही काम सुरू करता येते; परंतु ती पत्रिका म्हणजे आधी छापलेला बेत असतो. प्रत्यक्ष काय प्रसारित झाले, याची दैनिक नोंद रीडिंगजवळच्या कॅव्हरशॅम येथील लिखित दप्तरात आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे थर्ड प्रोग्रॅम आणि दूरचित्रवाणी काही काळ बंद ठेवावी लागली आणि ‘रेडिओ टाइम्स’चे अंकही निघू शकले नाहीत, तेव्हाच्या दिवसांचा अभ्यास या दैनिक नोंदींवाचून होऊच शकत नाही.

ध्वनिमुद्रणे फार थोडी उरली आहेत, कारण बरेचसे प्रसारण थेट होत असे आणि तबकडीवर घेतलेलेही सगळे जपले गेले नाही. मात्र भाषणे आधी लिहून काढलेली असत, म्हणून त्यांच्या संहिता वाचायला मिळतात. मी संहिता घड्याळ समोर ठेवून मोठ्याने वाचते. डोळ्यांनी वाचताना जे वाक्य अकारण तुटक वाटते, ते ओठांवर आले की तेथे वक्त्याला श्वास घ्यायचा आहे हे उमगते, आणि पाऊण पानाचा मजकूर किती वेळ खातो याचा अंदाजही येतो. एवढे झाल्यावरच श्रोतृसंशोधन विभागाच्या अहवालांकडे वळावे : आदल्या दिवशी काय ऐकले हे लोकांना विचारून तो विभाग श्रोत्यांची संख्या काढत असे, आणि लाइट व थर्ड यांच्या श्रोतृवर्गातील प्रचंड तफावत त्या आकड्यांतून स्पष्ट दिसते.