बजेटमध्ये माकडांचा कॉलम ठेवा

आमच्या संस्थेसाठी मी पहिलं सीएसआर प्रपोजल (कंपन्या नफ्यातून सामाजिक कामाला जे पैसे देतात त्यांसाठीचा प्रस्ताव) लिहिलं ते बारा पानांचं होतं. विषय परसबागा आणि पोषण. त्यात तक्ते होते, आलेख होते, दोन ठिकाणी ‘सक्षमीकरण’ होतं, पण माकड हा शब्द कुठेच नव्हता. गुहागर तालुक्यात राहून भाजी लावण्याबद्दल लिहायचं आणि माकडांचं नावही काढायचं नाही, हे फक्त नुकतं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करून आलेल्या माणसालाच जमतं.

प्रपोजल मंजूर झालं, आणि तिथूनच घोळ सुरू झाला. कंपनीचा फोन आला फेब्रुवारीच्या शेवटी. पैसे मिळतील, पण 31 मार्चच्या आत खर्च दाखवा. मार्चमध्ये कोकणात विहिरी खाली जायला लागलेल्या असतात, बायका हंडे मोजत असतात. तरी आम्ही बियाण्यांची पाकिटं आणली, मंडप घातला, बॅनरसमोर वाटप केलं, फोटो पाठवले. पाकिटांत फ्लॉवर आणि गाजरसुद्धा होतं, कारण पुरवठादाराकडे तोच संच तयार मिळत होता. मृग लागेपर्यंत निम्मी पाकिटं चुलीवरच्या फळीवर धुरात पडून होती. ज्यांनी पेरली त्यांच्याकडे जुलैत गेले, तर एक काकी मांडवाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ताई, तुमची काकडी माकडांनी खाल्लीन. आमच्यापर्यंत वास पन नाय आला.”

कंपनीच्या अहवालात मात्र तो प्रकल्प यशस्वी आहे. फोटो चांगले आले होते.

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच: कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, ताटाचं वर्ष वेगळं असतं. ही दोन वर्षं जुळवणं हेच आपलं खरं काम. प्रपोजलची भाषा वगैरे नंतर येते.

ताटाचं वर्ष कसं ते बघा. आमच्याकडची बरीचशी भाजी घाटावरून येते, कऱ्हाडकडून कुंभार्ली उतरून चिपळूण, मग शृंगारतळी, तिथून टेम्पोने वाडीवर. पावसात घाटात दरड आली की दर चढतात आणि वाडीपर्यंत पोचते ती मऊ पडलेली टोमॅटोची टोपली. 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा ही साखळी किती बारीक दोऱ्यावर आहे ते आम्ही पाहिलं. त्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ताजी मासळीही कमी. उरतं काय? बटाटा, डाळ, कुळथाचं पिठलं, सुका बोंबील. रानात टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू उगवलेलं असतं, पण नव्या सुनांना ते ओळखता येत नाही आणि ओळखणाऱ्या सासूला गुडघ्यामुळे चढण चढवत नाही.

हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. लिहायचं सुचलं नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीकडे निधीसाठी झालेल्या मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी माझे आलेख बाजूला सारले आणि विचारलं, “तुमच्या गावात जुलैमध्ये ताजी भाजी किती दिवसांनी शिजते?” मला उत्तर देता आलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा मात्र पाठ होता: 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय. तो सगळ्यांच्याच प्रपोजलमध्ये असतो. परत आल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि वीस घरांत आठवडाभर रोज काय शिजलं ते लिहून काढलं. त्या वहीची झेरॉक्स पुढच्या प्रपोजलला जोडली. माझ्या अनुभवात तिच्याइतकं काम कुठल्याच आलेखाने केलेलं नाही.

आता कायद्याचं, कारण त्यात नवी माणसं विनाकारण घाबरतात. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. आधीच्या वर्षी नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एक जरी भरलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर घालावी लागते. याच कायद्याच्या परिशिष्ट 7 मध्ये कोणत्या कामांवर खर्च चालतो त्याची यादी आहे, तिच्यात पहिलाच विषय भूक, दारिद्र्य आणि कुपोषण असा आहे, म्हणजे अन्नाचं काम कुठे बसवायचं हा प्रश्नच नाही. शिवाय कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कलमातच आहे. त्यामुळे मुंबईतल्या टॉवरकडे मेल टाकत बसण्यापेक्षा लोटे, खेर्डी, गाणे-खडपोली, महाड, रोहा या एमआयडीसीत कोणाचे कारखाने आहेत ते आधी बघा. निर्णय मुंबईत होतो हे खरं, पण कारखान्यातल्या एचआर साहेबांनी “हे लोक खरोखर काम करतात” असं सांगितलं की फाइल हलते. कोणती कंपनी कशावर खर्च करते हे तिच्या वार्षिक अहवालात छापलेलं असतं. तेवढं वाचून जा. डोळ्यांच्या शिबिरावरच खर्च करणाऱ्या कंपनीपुढे परसबाग मांडून मी दोन महिने घालवलेत.

संस्थेला लागणारे कागद: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर सवलतीच्या 12ए आणि 80जी या नोंदण्या, आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 चा (सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थांनी केंद्राकडे भरायच्या फॉर्मचा) नोंदणी क्रमांक. तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. संस्था नवी असेल तर जुन्या संस्थेच्या छत्रीखाली एक प्रकल्प करा, त्यात कमीपणा नाही. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज दाखल झालाय का ते तपासा. आमचा राहिला होता आणि ते कळलं करारावर सही व्हायच्या आदल्या दिवशी.

पाच टक्क्यांची गोष्ट मात्र नीट समजून घ्या. “प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांतच बसवा, कार्यकर्तीचा पगार त्यातच” असं तुम्हाला कोणीतरी सांगणारच. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा खर्च त्यात मोडत नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या 25 ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात आहे. त्याची प्रत मी पिशवीत ठेवते. वाडीवाडी फिरणाऱ्या मुलीचा पगार आणि तिच्या स्कूटीचं पेट्रोल हाच तर प्रकल्प असतो. पाकिटं काय, दुकानातही मिळतात.

आणि मार्चचं काय? त्यावर उपाय नियमातच आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने काम ‘ऑनगोइंग’, म्हणजे एका वर्षापलीकडे चालणारं, म्हणून मंजूर केलं तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हे फेब्रुवारीत मागून मिळत नाही, प्रपोजल देतानाच मागायचं. दुसऱ्या वेळी मी तेच केलं. मेच्या शेवटी बियाणं, जूनमध्ये लागवड, ऑक्टोबरात भात निघालं की त्याच ओलीवर चवळी आणि कुळीथ. बियाण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला घेतला. गाजराला हात लावला नाही.

माकडांसाठी स्वतंत्र ओळ घातली: जुनी मासेमारीची जाळी. वेलदूरला बंदीच्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालते, फाटकी बाजूला पडतात. ती बांबूच्या मांडवावर टाकली की माकडं सहसा आत शिरत नाहीत. सहसा म्हणते, कारण एका घरी शिरली. शिवाय घरटी अळू, कारण त्याची खाज माकडालाही सोसत नाही.

कंपनीच्या फायनान्सला जाळी समजली. अळू अडलं. खरेदी आहे म्हणजे तीन कोटेशन हवीत. अळूचे कंद आमच्याकडे विकत कोण घेतं? शेजारणीकडून मागून आणायचे. शेवटी तीन वाड्यांतल्या तीन बचत गटांनी लेटरहेडवर आपापला दर लिहून दिला, बचत गटांच्या ग्रामसंघाने ठराव केला, आणि सगळ्यात कमी दर निघाला तो त्याच माकडवाल्या काकींच्या गटाचा. कागद मुंबईला गेले. आठवड्याने मेल आला: अळूच्या कंदावर जीएसटी किती?

मी लिहिलं, शून्य.